सांडेपर्यंत भरा!

मी एक जुना चांदीचा पेला आहे, मित्रांनो. पोटाला एक पोचा आहे खरा, पण घरात माझा थाट मोठा! सोनाराने मला ठोकून ठोकून घडवलं. हातोडी मारता मारता तो म्हणायचा, "सरळ उभा राहा रे बाबा!" राहिलो.

पुढे मी एका ज्यू कुटुंबात आलो. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागला की माझ्यात द्राक्षांचा रस ओतायचे. सणांना तर विचारूच नका! वसंतात गुलामीतून सुटल्याचा पेसाख, शरदात नवं वर्ष, त्यामागोमाग पानांच्या छपराखाली जेवायचा सुक्कोथ. सण आला की मला हातात धरून देवाचे आभार मानायचे, "आम्हाला जिवंत ठेवलंस, या दिवसापर्यंत आणलंस." मग मी हातोहात फिरायचो.

भरभराटीची खूण म्हणून मला बशीत सांडेपर्यंत भरायची रीत होती. पण बाबांचं ओतणं म्हणजे टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर पूर! आई करवादायची, "अहो, डाग कोण काढणार?"

"राहू दे गं," बाबा हसायचे. "भरून वाहतंय, आणखी काय हवं?"

या उन्हाळ्यात बाबा वारले. आईने मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. नवं वर्ष आलं नि गेलं. मी काळा ठिक्कर पडलो. वाईट वाटायचं, पण त्या माउलीवर रागावणार तरी कसा?

सुक्कोथला धाकट्या चिमीने मला बाहेर काढलं, घासून लख्ख केलं आणि अंगणातल्या मांडवात टेबलावर ठेवलं.

"आई, आभार मानायचे ना?"

"'आम्हाला जिवंत ठेवलंस' असं कुठल्या तोंडाने म्हणू गं? बाबा कुठे आहेत?"

चिमीने बशी बाजूला सरकवली. खाली कापडावर फिकट जांभळा डाग होता. "हा बघ, पेसाखला बाबांनी सांडलेला. तू किती घासलास, तरी गेला नाही."

आई डागावरून बोटं फिरवत राहिली. मग तिने बाटली उचलली. मी भरलो, बशी भरली, तरी तिचा हात थांबेना. रस जुन्या डागाशेजारी पसरला.

"आम्हाला जिवंत ठेवलंस..." आईने सुरुवात केली. पुढचं चिमीने म्हटलं, "या दिवसापर्यंत आणलंस."

मित्रांनो, तुमच्याही कपाटात माझ्यासारखं कुणी काळं पडत बसलं असेल. त्याला बाहेर काढा, घासा, आणि भरताना हात आखडू नका.

"अगं आई, डाग!" चिमी ओरडली.

"राहू दे गं," आई म्हणाली.