माझ्या कुरकुरीला तेल नको

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, आपली गोष्ट सांगावी इतकी काही मी मोठी नाही. माझ्यावर कोणी राजा बसला नाही की मंत्री. पण तुम्ही आलाच आहात, तर घटकाभर टेका. बसवून घेणं एवढंच मला येतं.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याच्या हातून मागच्या पायाचा सांधा जरा सैल राहिला. "बसेल हळूहळू," तो म्हणाला. माझ्यावर पुढे सगळे बसले, सांधा मात्र बसला नाही. त्यामुळे कोणी जरासं सरकलं, तरी मी कुरकुरते.

मी एका कॉलेजच्या मागच्या खोलीत असते. व्यसनात किंवा मनाच्या दुखण्यात अडकलेल्या माणसांना आधार कसा द्यायचा, हे इथे पदवी घेतलेली मुलं-मुली शिकतात. समोरच्या खुर्चीवर शिकणारा बसतो आणि माझ्यावर त्रासलेला माणूस. बाकीचा वर्ग मोठ्या काचेपलीकडून बघतो.

शिकवणाऱ्या मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात, "समुपदेशन या शब्दात एक उपदेश लपून बसलाय. त्याला छत्रीबरोबर दाराबाहेर ठेवून आत या."

एकदा शिपाईमामा तेलाची बाटली घेऊन आले. "मॅडम, ही फार कुरकुरते. दोन थेंब सोडतो."

"राहू द्या, मामा. या खोलीत कुरकुर करायची परवानगी आहे."

माझ्या आयुष्यातलं हेच सगळ्यात मोठं कौतुक. मी ते अजून जपून ठेवलं आहे.

एका वर्षी एक मुलगी आली. हुशार, मायाळू, पण सल्ले द्यायची भारी हौस. मैत्रिणी तिला 'सल्लागार मंडळ' म्हणत. परीक्षेत त्रासलेल्या माणसाचं काम कॉलेजच्या खाणावळीतले स्वयंपाकीकाका करायचे. ते स्वतः दारूतून बाहेर आले होते आणि मॅडमनी दिलेला प्रसंग पाठ करून यायचे. "झोप लागत नाही," काका म्हणाले मात्र, हिची गाडी सुटली. "चहा कमी करा, पहाटे फिरायला जा, मन रमवा..."

"अहो ताई, वाक्य तरी संपू द्या! पाठ करून आलोय!"

काचेपलीकडे हशा पिकला. मुलगी नापास झाली. पुन्हा बसली आणि पुन्हा नापास झाली. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली, तर व्यसनमुक्ती केंद्रात काम करायचं तिचं स्वप्न तिथेच संपणार होतं.

त्या दिवशी वर्ग पांगल्यावर ती माझ्यावर येऊन बसली. समोर मॅडम बसल्या. "तुम्ही सांगितलंत ते सगळं बरोबर होतं," त्या म्हणाल्या, "पण माणूस राहून गेला."

मुलगी काही बोलेना. मॅडमही बोलेनात. ती अवघडून सरकली, मी कुरकुरले, तरी मॅडम थांबल्याच. मग ती म्हणाली, "माझा दादा पितो. मी त्याला किती समजावलं! आता तो माझा फोनच उचलत नाही. मी गप्प बसले ना मॅडम, तर तो हातचा जाईल असं वाटतं मला."

मॅडमनी नुसती मान हलवली. जाताना मुलगी दारात थबकली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. ती काय बघत होती, ते मला ठाऊक नाही. मी आपली संकोचून उभी होते.

शेवटच्या परीक्षेला काकांनी पाठ केलेलं सगळं म्हटलं आणि शेवटी, "बाकी ठीक आहे," असं म्हणून ते सरकले. मी कुरकुरले. मुलीचं तोंड उघडलं, पण तिने ते मिटून घेतलं. काचेपलीकडे कोणी खोकलं. ती थांबली. मग हळूच म्हणाली, "'ठीक आहे' म्हणताना तुम्ही जरा अवघडलात का, काका?"

पुढचं काकांच्या पाठात नव्हतं. "दारू सोडून बरीच वर्षं झाली, ताई. पण माझी मुलगी अजून दार उघडलं की आधी माझा वास घेते. तिच्याही नकळत."

"आणि तुम्ही दारातच उभे राहता."

"राहतो. घेऊ दे वास. हक्कच आहे तिचा."

मुलगी पास झाली. काका डोळे पुसत मॅडमना म्हणाले, "पुढच्या वेळी मला डॉक्टर करा हो! दर वेळी दारुड्याच काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच आली. समोरची खुर्ची रिकामी असूनही माझ्यावर बसली आणि तिने फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. शेवटी पलीकडून जड आवाज आला, "बोल. आज काय सांगायचंय?"

"काही नाही, दादा. सहज केला."

ती सरकली आणि मला राहवलं नाही.

"कसला आवाज गं?"

"खुर्ची. जुनी आहे."

"मग बदल की."

"नको. चांगली आहे."

तो जरासा हसला. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय, दादा."

पुढचं मी कोणाला सांगत नाही. या खोलीचा तसा नियमच आहे.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, पाठीची एक पट्टी नवी आहे, पण मी समाधानी आहे. एकच मागणं आहे. घरात, वर्गात कोणी कुरकुरू लागलं, तर तेलाची बाटली आणायला धावू नका. आधी जरा जवळ बसा.