शनी डिफरन्शियलमध्ये बसलाय

पिंपळगाव बसवंतला सोमनाथच्या पॅकहाऊससमोर त्या दिवशी इतकी गर्दी झाली होती, की कांद्याचे टेम्पो आतही जाईनात आणि बाहेरही निघेनात. ड्रायव्हर लोक शेवटी टपावर चढून बसले. म्हणाले, आता अडकलोच आहोत तर चमत्कार तरी नीट बघू.

"आली, आली!"

हायवेवरून एक लाल, लांब नाकाची जुनी गाडी वळली आणि धुरळा उडवत येऊन थांबली. पुढून, स्टिअरिंगवरच्या सोमनाथच्या शेजारून, रंगनाथ उतरला. हा महाराजांचा पट्टशिष्य, म्हणजे ज्याच्याकडे माइक असतो तो. त्याने डॅशबोर्डवरचा तांब्या दोन्ही हातांनी उचलून लोकांना दाखवला. पाणी काठोकाठ.

"नव्वदचा स्पीड!" रंगनाथ माइकमध्ये गरजला. "आणि एक थेंब सांडला नाही! बोला, चाकेश्वर महाराज की..."

"जय!"

मग मागचं दार उघडलं आणि स्वतः चाकेश्वर महाराज बाहेर यायला लागले. लागले म्हणतो, कारण त्यांना बाहेर यायला वेळ लागायचा. आधी पोट, मग रुद्राक्षाच्या माळा, मग उरलेले महाराज. ते पूर्ण उतरले तशी गाडी मागून टुणकन वर उचलली गेली. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एका भक्ताने तर भावनेच्या भरात सायलेन्सरलाच कपाळ टेकवलं. सायलेन्सर तापलेला होता. त्याने तो डागसुद्धा प्रसाद म्हणून घेतला.

मी शेजारच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे, त्यामुळे हा तमाशा मला भिंतीवर बसून फुकट बघायला मिळाला.

गाडी सोमनाथची नव्हती, त्याच्या बहिणीची होती. सुवर्णा नाशिकच्या अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. तिने ही जुनी गाडी विकत घेऊन तिच्यात मोठं इंजिन बसवलं, टर्बो लावला, आणि कच्च्या ट्रॅकवर खालून घासू नये म्हणून मागे नवे उंच, कडक पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, टाकले. रविवारी नाशिकबाहेरच्या माळावर शर्यत होती. तिथे तिचं नाव लागलं होतं, स्वतःच्या गाडीत, स्वतः ड्रायव्हर. हे एवढंच तिला हवं होतं.

पण पाटे टाकल्यापासून गाडीला हुडहुडी भरली. सत्तरपर्यंत ठीक. पुढे गेलं की बुडाखालून घूं घूं सुरू, आणि नव्वदला तर आरशात मागच्या एका ट्रकचे तीन दिसायचे. चाकं बॅलन्स केली, टायर बदलले. थरथर तशीच.

आणि मग महाराज आले. झालं असं, की समस्त वाहनांचे तारणहार असलेल्या ह्या महाराजांची स्वतःची गाडी ओझरजवळ पंक्चर झाली, आणि स्टेपनीत हवा नव्हती. सोमनाथ बहिणीची गाडी घेऊन तिकडून येत होता. त्याने महाराजांना मागे बसवलं. पिंपळगाव येईपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली! सोमनाथने काचेत बघून हात जोडले, "महाराज, ही लय थरथरायची हो. तुम्ही बसले अन् गप झाली!"

सगळ्यात जास्त आश्चर्य महाराजांनाच वाटलं असणार. पण अनुभवी माणूस. डोळे मिटून म्हणाले, "आम्हाला बसताच कळलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून पॅकहाऊसमध्ये प्रवचन. "माणसाची रास, तसा गाडीचा चेसी नंबर!" महाराज सांगायचे. "ह्या गाडीच्या नंबरात तीन आठ आहेत. आठ कोणाचा? शनीचा! हा शनी मागच्या चाकांच्या मधल्या गोळ्यात, डिफरन्शियलमध्ये बसलाय. तिथून तो निगेटिव्ह टॉर्क सोडतो. आम्ही बसलो की आमचा पॉझिटिव्ह टॉर्क त्याला दाबून धरतो. हे सगळं सायन्स आहे!"

"सायन्स हाय, सायन्स!" सोमनाथची आत्या झुंबरबाई पदराने डोळे पुसत म्हणायची.

इथपर्यंत मला मजाच वाटत होती. पण तांब्याच्या चमत्कारानंतर महाराजांनी माइक स्वतःकडे घेतला. "शनीला बाईचा हात चालत नाही. रविवारी गाडी भावाने चालवावी. आम्ही मागे बसू. आणि शर्यत झाली, की गाडी आश्रमात सेवेला आणून सोडावी."

सोमनाथने मान डोलवली. हा सोमनाथ, ज्याने मागच्या वर्षी टेम्पो रिव्हर्स घेताना स्वतःच्याच ऑफिसात घातला होता.

"दादा, गाडी माझी आहे," सुवर्णा म्हणाली.

"तुझीच हाय गं. पण शनी..."

"शर्यतीत मागे माणूस बसवायला परवानगी नसते."

"महाराज माणूस हाय का?" झुंबरबाई कडाडली.

सुवर्णा तरातरा माझ्याकडे आली. "महेशदादा, चल गाडीत. पुढे बस."

आम्ही हायवेला लागलो. नव्वदला माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. तिने गाडी न्यूट्रल केली आणि चावी फिरवून इंजिनच बंद केलं. गाडी नुसती घरंगळत होती, तरी थरथर तशीच.

"म्ह... म्हणजे क... काय?" मी विचारलं.

"म्हणजे इंजिन नाही. चाकं आधीच बघितली. मधे उरला एकच जण. प्रोपेलर शाफ्ट." तिने इंजिन पुन्हा सुरू केलं. "आता मला सांग, महाराज उतरले तेव्हा गाडी मागून किती वर आली?"

"चांगली चार बोटं."

ती एकदम हसायला लागली. "दादा, महाराजांची शक्ती मोजायची आपण. किलोत."

परत आल्यावर ती थेट महाराजांच्या पाया पडली. गर्दी चकित. सोमनाथचे डोळे भरून आले. "महाराज," ती नम्रपणे म्हणाली, "माझं चुकलं. प्रायश्चित्त म्हणून आमच्या घराण्यातर्फे तुमची तुला करायची आहे. कांद्याने."

आता तुला म्हणजे केवढा मान! मोठ्या लोकांची पेढ्यांनी करतात, गुळाने करतात. पिंपळगावात कांदा सोडून दुसरं काय शोभणार? "कांदातुला!" गर्दीने आरोळी ठोकली. महाराज नाही म्हणूच शकत नव्हते. पॅकहाऊसचा मोठा काटा हारांनी सजवला, त्यावर पाट मांडला, महाराज बसले. आकडा बघून रंगनाथनेच काट्यासमोर उपरणं धरलं. मग महाराजांना उतरवून त्याच आकड्यापर्यंत गोण्या चढवल्या. अडीच गोण्या लागल्या. शेवटी पाच-सहा कांदे सुटे टाकावे लागले, तेव्हा बरोबरी झाली.

"आता," सुवर्णा म्हणाली, "हे कांदे मागच्या सीटवर ठेवा."

"प्रसाद म्हणून वाटायचे ना?" झुंबरबाईने विचारलं.

"आधी फिरवून आणते, आत्या."

गोण्या मागे बसल्या तशी गाडी पहिल्यासारखी खाली दबली. तांब्या काठोकाठ भरून डॅशबोर्डवर ठेवला. साक्षीदार म्हणून सुवर्णाने रंगनाथलाच पुढे बसवलं आणि गाडी पुलापर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर रंगनाथ तांब्या मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. माइक पुढे केला, तर त्याने तो बाजूला सारला.

"किती सांडलं?" टपावरून एक ड्रायव्हर ओरडला.

"नाही सांडलं," रंगनाथ माइकपासून लांब होऊन म्हणाला.

"स्पीड किती व्हता?"

"नव्वद."

आता लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेल असं मला वाटलं. पडला पण! झुंबरबाई धावत गेली आणि तिने गोण्यांना हार घातला. "कांदेमहाराज की..."

"जय!"

चाकेश्वर महाराजांचा जीव भांड्यात पडला. "बघितलंत? तुलेच्या वेळी आमचा टॉर्क कांद्यात उतरला!"

सुवर्णाने कपाळाला हात लावला नाही, की ती चिडली नाही. "उतरला म्हणजे महाराज, तुम्ही आता रिकामे?"

"छे छे! आमच्यात पण आहे. अक्षय आहे!"

"मग सोपं आहे. कांदे उतरवते, तुम्ही बसा. फक्त मागे नको, पुढे बसा. मानाची जागा."

महाराजांना धोका कळायला पाहिजे होता. पण भक्तांनी त्यांना विचार करायला वेळच दिला नाही. उचलून पुढच्या सीटवर बसवलं, मांडीवर तांब्या दिला, सुवर्णाच्या शेजारी. मागची सीट रिकामी. गाडी निघाली.

पुढे काय झालं ते मी बघितलं नाही, पण ऐकलं. रंगनाथने भक्तीपोटी महाराजांच्या गळ्यात कॉलरमाइक अडकवलेला होता आणि सुवर्णाने तो आपल्या फोनला जोडून सोमनाथला कॉल लावून ठेवला होता. सोमनाथचा फोन रंगनाथच्या माइकपुढे होता. पॅकहाऊसच्या स्पीकरवरून सबंध पिंपळगावने ऐकलं.

"ओम चा... चाकेश्वराय न... न... अगं पोरी ह... हळू!"

"दाबा ना महाराज शनीला."

"द... दबत न्... नाही! थ... थांबव! माझी क... कवळी!"

गाडी परत आली तेव्हा तांब्या रिकामा होता आणि महाराज चिंब. माळेचे मणी सीटखाली घरंगळत होते.

"महाराज तेच, गाडी तीच, शनी पण तोच," सुवर्णा लोकांना म्हणाली. "फक्त चार फूट पुढे बसले. शक्ती काय मागच्या सीटवरच काम करते का?"

"मग काय हाय ते सांग ना!" सोमनाथ वैतागून ओरडला.

तिने दोन हमालांना बोलावलं आणि एक गोणी दोन्हीकडून उचलून चालायला लावलं. "पाय जुळवा." गोणी शांत चालली. "आता एकाने वाकून चाला, दुसऱ्याने ताठ." गोणी नाचायला लागली, हमाल शिव्या द्यायला लागले.

"बघा. गाडीच्या पोटाखाली एक लांब दांडा फिरतो, तोच प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत, म्हणजे चाकांच्या आसापर्यंत. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, म्हणजे वाकणारे सांधे. दोन्ही सांधे सारखे वाकलेले असले, तर एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. मी मागे उंच पाटे टाकले, त्याने एक्सलचं तोंड खाली झुकलं. एक सांधा जास्त वाकला, दुसरा कमी. म्हणून थरथर. मागे वजन बसलं की पाटे दबतात, तोंड सरळ होतं, थरथर बंद. मग ते वजन महाराजांचं असो नाहीतर कांद्याचं. चूक माझीच आहे. पाटे टाकल्यावर कोन मोजायलाच विसरले."

"मग कायम कांदे ठेवायचे का?" झुंबरबाईने विचारलं. तिच्या आवाजात अजून थोडी आशा होती.

"नाही आत्या. पाचर मारायची."

सोमनाथ स्वतः जॅक घेऊन आला. अंबडहून दोन तिरक्या लोखंडी पाचरी करून आणल्या, पाटे आणि एक्सलच्या मधे बसवल्या. सुवर्णाने मोबाईलमधल्या लेव्हलने दोन्ही कोन मोजले. सारखे आले. मग मागची सीट पूर्ण रिकामी ठेवून सोमनाथला शेजारी बसवलं आणि नव्वदला नेलं. आरशात एका ट्रकचा एकच ट्रक दिसत होता.

"सुवा," तो म्हणाला, "रविवारी तूच चालव. मी टायर उचलायला येतो."

रविवारी ती चालवायला बसली. चौथी आली. तिसरीच येणार होती, पण शेवटच्या वळणावर गाडी घसरली. "शनी का गं?" झुंबरबाईने हळूच विचारलं. "नाही आत्या, ब्रेक उशिरा मारला," सुवर्णा म्हणाली आणि लगेच पुढच्या शर्यतीचं बोलायला लागली. आता तुम्हीच सांगा, शनीला नावं ठेवली असती तर पुढच्या वेळी ब्रेक वेळेवर मारायचं ती कशी शिकली असती?

महाराज दुसऱ्याच दिवशी पिंपळगाव सोडून गेले. कोणाच्या गाडीत मागे बसून गेले, ते कळलं नाही. पण ती गाडी नक्की छान चालली असेल. वाईट एवढंच वाटतं, की हायवेला अजून दोन-तीन गाड्या मागच्या सीटवर हार घातलेली कांद्याची गोणी घेऊन फिरताना दिसतात. त्यातल्या एकीला प्रोपेलर शाफ्टच नाही, तिचं इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं. तिला थरथरही नव्हती. फक्त ॲव्हरेज कमी झालंय, आणि मालक त्याच्यासाठी नवीन महाराज शोधतोय.

तर वाचकहो, गाडी थरथरली, ताप आला, धंदा बसला, तर जे बरं झालं ते कशामुळे झालं हे विचारायला लाजू नका. एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, आणि बघा. यात पाप लागत नाही. आणि वाकायचंच असेल, तर कोणाच्या पायाशी वाकण्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघा.