लाज कसली, मी बाईच ना!

"मावशी, ब्लाउज काढावा लागेल," डॉ. राजलक्ष्मी दुसऱ्यांदा म्हणाल्या. मालनमावशीने पदर आणखी आवळला.

"वरून नाय दिसणार?"

"लाज कसली? मी बाईच ना!"

हे वाक्य खरं तर मालनमावशीचं. लालबागपासून भायखळ्यापर्यंतच्या बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालताना तिने ते उभा जन्म वापरलं होतं. चाळीतली असो की टॉवरमधली, तिच्यापुढे कुणाचीच लाज टिकली नव्हती. स्वतःची मात्र तिने नीट जपून ठेवली होती.

स्तनांखालच्या घडीत कधीपासून आग होत होती. आधी तिने हळद लावली, मग पावडर थापली, वास यायला लागल्यावर अत्तर. परळात राहणाऱ्या बाईला छातीचं काही झालं की कुठलं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं, ते सांगायला नको. मनातल्या मनात तिने पाटल्याही सुनांत वाटून टाकल्या होत्या.

डॉक्टरांनी पाहिलं. घडीतली कातडी लालभडक, ओलसर. कडेने बारीक पुरळ. "बुरशी आहे. घामाने होते. मलम देते, हळद-पावडर बंद, जागा कोरडी ठेवायची. आणि शुगर तपासून घ्या."

"कॅन्सर नाय?"

"नाही हो."

मावशीला इतकं हलकं वाटलं, की ती गप्पांना बसली. तिथेच चुकलं.

"अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही होते ही," डॉक्टर म्हणाल्या. "बोंडं गुलाबी, चकचकीत. पाजून झालं तरी आत सुया टोचतात. बाळाच्या तोंडात पांढरा थर, पुसून निघत नाही. मग दोघांनाही एकदमच औषध लागतं. तुम्ही तर बाळंतिणींत वावरता, ओळखत असालच."

"म्हणजे काय!" मावशी म्हणाली, आणि उठलीच.

चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या बाळंतीण जुईने हेच तर सांगितलं होतं. "मावशी, मिरची चोळल्यासारखं होतं हो." मावशीने बाळाच्या तोंडातला थर फडक्याने खरवडला, "दुधाची साय गो ती," म्हणाली आणि जुईच्या सासूला ऐकू जाईल अशा बेताने पुढे जोडलं, "आमच्या सासवांनी गिरणीत दिवसपाळी-रातपाळी करून पाजलं. ह्यांचे नखरे!" जुईने डब्याचं दूध सुरू केलं, तेव्हा ती बातमी सगळ्या चाळीत मावशीनेच फिरवली.

संध्याकाळी ती जुईच्या दारात उभी राहिली. जुईने ओढणी सारखी केली. "मालिश नकोय आम्हाला."

"मालिशला नाय आले. अजून दुखतं?"

जुईने कडेवरचं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सासू पळी घेऊनच बाहेर आली.

"ते नखरे नव्हते गो," मावशी म्हणाली. "बुरशी ती. तुला आणि पोराला, दोघांना औषध लागतं. मला नाय कळलं." पुढचं येईना. दटावायचे शब्द तिच्याकडे पोत्याने होते; माफीचा एक सापडेना.

"बुरशी? माणसाला?" सासू हसली.

मावशीने आत येऊन दार लोटून घेतलं. दोघींकडे तोंड करून उभी राहिली आणि ब्लाउजचे हूक काढू लागली. तिसरा हूक अडकला.

जुईने बाळ सासूच्या हातात दिलं, आणि पुढे होऊन तो सोडवला.