चौथं गाणं आणि सेतुमाधवरावांची मांडी

मी चेन्नईतल्या मैलापूरच्या एका दिवाणखान्यातला स्पीकर बोलतोय. तोच, काळा, डब्याएवढा, ज्याच्यावर सेतुमाधवराव चष्मा ठेवतात आणि मग घरभर चष्मा शोधतात.

त्यांच्या मुलानं सिरुसेरीच्या आयटी कंपनीतून घरी येताना मला आणलं, ते वडिलांच्या सकाळच्या गाण्यासाठी. सहा ते आठ मी कर्नाटक संगीतातल्या कृती वाजवायच्या, सेतुमाधवरावांनी मांडीवर ताल धरायचा आणि गाणाऱ्याच्या चुका काढायच्या, असा आमचा नेम. माणसं भक्तीनं ऐकतात म्हणे. मी पाहिलेली तरी चुका मोजायलाच ऐकतात.

आठनंतर मी त्यांच्या नातीचा, सहानाचा. गेल्या महिन्यात तिला 'मोर मिळगाय' नावाच्या इथल्याच पॉप पंक बँडचा अल्बम सापडला. ताकात मुरवून वाळवलेल्या मिरचीचं नाव, आणि गाणीही तशीच: अडीच मिनिटांत डोळ्यांत पाणी. माझा पडदा पहिल्यांदाच मनापासून थरथरला. सेतुमाधवरावांनी मी बिघडलो समजून मला दोनदा थोपटलं.

सहानाला या अल्बमवर कॉलेजच्या मासिकात लिहायचं होतं. तिचा पहिलाच लेख, सोमवारी द्यायचा. पहिली ओळ ठरली होती: 'या संगीताला गुरू नाही.' मग ती एकेका गाण्याचं मूळ शोधायला लागली. गिटार नव्वदच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या पोरांसारखी, तीन कॉर्ड त्याआधीच्या न्यूयॉर्कचे, कोरस तर साठच्या दशकातल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गाण्यांचा. प्रत्येक मूळ मीच वाजवून दाखवलं.

"म्हणजे यांनाही गुरुपरंपरा आहे म्हण की," पेपरामागून सेतुमाधवरावांचा आवाज आला.

सहानानं लक्ष दिलं नाही. ती चौथ्या गाण्यावर अडली होती. पाय चाराचा ठेका धरायचा आणि दर वेळी घसरायचा. शेवटी तिनं लिहून टाकलं की बँडची ड्रमर विद्युलता इथं चुकते, आणि ते मोठ्यानं वाचलंही.

"ती चुकत नाही गे, तू चुकतेस," सेतुमाधवराव म्हणाले. पेपर तसाच होता, पण दुसरा हात मांडीवर होता. "सात मोज, कण्णा. तकिट तकधिमि. मिश्र चापू ताल आहे तो."

"ताता, हे पंक आहे. तुमची गाण्याची कच्चेरी नाही."

"सात मोजायला तुझं काय जातं?"

तिनं चिडून मोजलं. पाय घसरला नाही. म्हणून ती आणखीच चिडली आणि तिनं थेट विद्युलतालाच मेसेज करून विचारलं.

उत्तर आलं: 'आठ वर्षं मृदंग शिकले, मग सरांच्या धाकाला कंटाळून पळाले. तो मिश्र चापू आजवर कुणी ओळखला नव्हता. तू कसं ओळखलंस?'

फोन माझ्याच डोक्यावर टेकवलेला होता, म्हणून मला दिसलं. सहानानं आधी 'मोजून' असं लिहिलं. मग पुसलं. आजोबांकडे एकदा रागानं पाहिलं आणि लिहिलं, 'मी नाही, माझ्या तातानं.' त्यानंतर लेखाची पहिली ओळही पुसली.

लेख वेळेवर गेला, तळाशी सेतुमाधवरावांचे आभार मानून. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगतात की कर्नाटक संगीतासारखंच पंकही मुळात तंजावरचं.

आज सकाळी सहाला त्यांनी स्वतः चौथं गाणं लावलं. आतल्या खोलीतून सहाना झोपेतच ओरडली, "ताता, आवाज कमी करा."

त्यांनी वाढवला.

माझी तक्रार नाही. दोघांनी मिळून एवढंच करा: मला वेळेवर चार्जिंगला लावा. आणि सेतुमाधवराव, चष्मा माझ्या डोक्यावर आहे.