आज्याच्या गुळणीतला डबा

"पाण्यापासनं मोजू नगं," ठमाबाईनं दोनदा सांगितलं होतं. "पाणी म्हंजी चरणारं जनावर हाय. आज हितं, उद्या तितं. दगडापासनं मोज."

राजेश्वरीनं मान डोलावली, "बरं आत्या" म्हणाली आणि पाण्यापासूनच मोजलं. सासूचं ऐकून घ्यावं आणि आपल्याला कळतं तेच करावं, एवढं तर ती चार वर्षांच्या संसारात शिकलीच होती. शिवाय भूगोल घेऊन बी.ए. झालेली. नकाशावाचनात बारामतीच्या कॉलेजात तिचा दुसरा नंबर होता, आणि सासूनं शाळेचा उंबरा ओलांडला होता तो आत घुसलेली मेंढरं हाकलण्यापुरता. त्यातून माहेर लोणी भापकरचं, जिरायत पट्ट्यातलं. तिकडं पाणी विहिरीत असतं आणि असलंच तर खाली जातं. आपल्या पायांनी चालत माणसाकडं येणारं पाणी तिनं पाहिलंच नव्हतं.

झालं होतं असं. भीमेवर धरण झालं तेव्हा ठमाबाईचं गाव बुडालं आणि गावामागचं टेकाड तेवढं बेट होऊन वर राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चिखलातून चालत जावं, आषाढापासून होडीनं. झाड म्हणून तिथं दोन बाभळी, त्याही वाऱ्यानं एका कुशीवर झोपलेल्या. नवऱ्याच्या पश्चात ठमाबाई आपली सतरा मेंढरं घेऊन दर हिवाळ्यात तिथं जायची आणि मृगाला परत यायची. ९६ साली मृग आला, ठमाबाई आली नाही. गवत चांगलं आहे, खोपट शाकारलंय, पावसाळाही इथंच काढणार, असा निरोप आला.

मोहनराव, तिचा मुलगा आणि राजेश्वरीचा नवरा, वालचंदनगरला लेथवर कामाला होता. तो राजेश्वरीला घेऊन तरातरा बेटावर गेला.

"कारखान्याचं क्वार्टर काय वाईट हाय? दोन खोल्या हायत, नळ हाय."

"नळ बी घड्याळ बघून बोलतो तुझा. मी दिवसभर कुणासंगं बोलू?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी मोहनरावानं अट घातली. "दर आठ दिवसाला कुणीतरी तुला डोळ्यानं बघितलं, असं मला लिहून कळलं पायजे. एक आठवडा जरी कोरडा गेला तर टेंपो घेऊन येणार. मेंढरं मामाच्या कळपात, आन तू क्वार्टरात. मग रडायचं न्हाय."

"रडंल माझी जुती," म्हणाली ठमाबाई. पण त्या संध्याकाळी ती जेवली नाही, हे राजेश्वरीनं पाहिलं. राजेश्वरी सगळंच पाहायची. शेगडीचं बटण तीनदा, दाराची कडी दोनदा. तीन वर्षांच्या प्रतिक्षाच्या मुठीत शेंगदाणा दिसला तर तो घशात अडकून पार दवाखान्यापर्यंतचा प्रवास तिच्या डोळ्यांपुढं होऊन जायचा. सासू पाण्याच्या मधोमध एकटी, हा विचार तिला गिळवत नव्हता, आणि सासू नळाशी बोलत बसलेली, हाही नाही. म्हणून युक्ती तिनंच काढली.

म्हातारीची विचारपूस करायला बेटावर कोण जाणार? पण लपवलेली वस्तू शोधायला माणूस कुठंही जातो. कॉलेजच्या शिबिरात त्यांनी हा खेळ खेळला होता. तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. त्यात गोट्या, पिना, रुमाल, शिट्टी असल्या चिल्लर वस्तू, आणि स्वतःच्या घरचा पत्ता घातलेली पंधरा पोस्टकार्डं. होडीच्या धक्क्यावर आणि इंदापूरच्या कॉलेजात चिठ्ठी लावली: डबा शोधा, एक वस्तू घ्या, एक ठेवा, आणि ठमाबाईंना पाहिल्याचं एका कार्डावर लिहून पेटीत टाका.

लपवायची जागा तिला फार आवडली. बेटाच्या पश्चिमेला काळ्या कातळात मांडीएवढं रुंद भोक आहे. त्याचं नाव आज्याची गुळणी. जूनच्या अखेरीला ते कोरडं ठणठणीत होतं, वारा नुसती शिट्टी मारायचा. ठमाबाई म्हणाली, "आजा अजून निजलाय. पाणी चढलं की उठंल आन चूळ भरंल." म्हाताऱ्यांच्या गोष्टी! राजेश्वरीनं भोकाच्या तोंडाशी, चपट्या दगडाखाली डबा सरकवला आणि चिठ्ठीत लिहिलं: पाण्याच्या कडेपासून सरळ वर चाळीस पावलं.

पहिलं कार्ड नावाडी गेणबानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. "म्हातारी ठणठणीत. मला तीन शिव्या दिल्या, त्यातली एक नवी होती." दुसरं कॉलेजातल्या मुलीचं: "आजींनी मेंढीच्या दुधाचा चहा दिला आणि लग्न कधी करणार असं चारदा विचारलं." मोहनराव वाचून हसला. आई बोलतेय म्हणजे बरी आहे.

तिसरं कार्ड राजेश्वरीनं दोनदा वाचलं. "आजी मजेत आहेत. त्यांच्या शेळ्या फार गोड आहेत."

ठमाबाईनं जन्मात शेळी पाळली नव्हती. शेळीला ती 'झाडावर चढणारी बया' म्हणायची. लिहिणाऱ्यानं डबा पाहिला होता, आजीला पाहिलंच नव्हतं. पाण्याच्या वाटेनं वर आला, डबा उघडला, परत गेला. खोपट तर त्याहून चाळीस पावलं वर. आपल्या खेळातली ही फट राजेश्वरीला आत्ता दिसली.

"काय लिवलंय?" मोहनरावानं आतून विचारलं.

"मजेत आहेत म्हणे. मेंढरं फार गोड आहेत."

"मेंढरू गोड? पुण्याकडचा दिसतोय."

तिनं कार्ड तांदळाच्या डब्याखाली सारलं. पुढचं कार्ड आलं की सगळं ठीक होईल. पण पुढचं येईना. रेडिओ सांगत होता की घाटात कोसळतोय, वरची धरणं भरली, पाणी सोडलं. इकडं आभाळ कोरडं, दोरीवरचे कपडे तासाभरात वाळत होते. मोहनरावानं रविवारसाठी टेंपो सांगून ठेवला. आठ दिवस रविवारी भरत होते. शुक्रवारी तो पहिल्या पाळीला गेला तशी राजेश्वरीनं शेजारणीकडं किल्ली दिली, प्रतिक्षाला कडेवर घेतलं आणि एस.टी. धरली.

धक्क्यावर पोचली आणि थबकलीच. धक्काच नव्हता. होडी पार काठावरच्या बाभळीच्या बुंध्याला बांधलेली.

"गेणबामामा, आत्या बऱ्या आहेत ना? खरं सांगा."

"बऱ्या?" गेणबानं वल्हं टेकवलं. "मंगळवारी चार पोरास्नी काठी घिऊन पाण्यापतूर पळवलं. बसा. सूनबाई, पोरीला पदरानं कमरंला बांधलंय, आता होडीला बी बांधता का?"

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि लगेच दुसरा चढला. "पळवलं का?"

"तुमच्या कागदामुळं! पाण्याच्या कडंपासनं चाळीस पावलं. पोरांनी मोजली इमानदारीत. पाणी चढलंय चाळीस पावलं, मग वरची चाळीस कुठं जातील? थेट म्हातारीच्या चुलीत. चपटा दगड म्हनून चुलीचाच दगड उचलला की वो! वर कालवनाचं भगुनं हुतं."

"आणि डबा?"

"आज्याच्या घशात. ऐका."

वारा पश्चिमेचा होता, कानांत घोंघावत होता. तरी ऐकू आलं. बेटाच्या कडेला लाट आपटली, कातळात खोल कुठंतरी गुरगुर झाली, मग खणखण खणखण, आणि भोकातून पाण्याचा झोत पुरुषभर उंच उडाला. प्रतिक्षानं टाळ्या पिटल्या. "आई, आजा थुकला!"

"हां," गेणबा म्हणाला, "आन दात वाजत्यात ते तुझ्या आईचं डबडं."

सगळी कार्डं त्या डब्यात. या आठवड्यात चार जणांनी ठमाबाईला पाहिलं होतं, चांगलंच पाहिलं होतं, पण लिहायला कार्डच नव्हतं. आणि परवा टेंपो येणार होता.

ठमाबाई अडीच दगडांच्या चुलीवर चहा ठेवत होती. तिनं वर पाहिलं. "या भूगोलबाई. मोजत आलात का नुसत्याच?"

राजेश्वरी रडवेली झाली. शेळीचं कार्डही तिनं सांगून टाकलं. ठमाबाई आधी शेळी म्हटल्यावर चिडली, मग इतकी हसली की चहा उतू गेला. पण हसता हसता तिचा हात पाठीशी उभ्या मेंढीच्या लोकरीत गेला आणि तिथंच राहिला. "म्हंजी रईवारी येतोय तर त्यो," ती हळूच म्हणाली.

राजेश्वरी उठली. मग सवयीनं तिनं सगळं तपासलं. लाकडं कोरडी, पीठ आठ दिवसांचं, खोपट गळत नव्हतं. उठताना सासू डावा गुडघा दाबून धरते, हेही तिनं टिपलं. मग पाण्याकडं उतरणाऱ्या वाटेवर तिला दगडांची एक ओळ दिसली. एकाखाली एक, जणू कुणी माळेचे मणी सोडले होते.

"हे काय?"

"रोज सकाळी पाणी जितकी पावलं चढलं असंल तितक्या विती सोडून हितं एक धोंडा ठिवायचा. दोन धोंड्यातलं अंतर वाढलं म्हंजी पाणी पळाया लागलं. त्यो वर चुना लावलेला हाय न्हवं, तितवर आलं की मी मेंढरं घिऊन गेणबाला हाळी देनार. मला काय मराया आलीय व्हय हितं?"

राजेश्वरीनं दगड मोजले. एकोणतीस. एकही दिवस चुकला नव्हता. आपल्याइतकं, कदाचित आपल्याहून जास्त, कडीकोयंडा बघणारं माणूस या घरात आणखी एक आहे, आणि त्याची भीती अशी नीटनेटकी ओळीत मांडलेली असते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दिवस कलताना गेणबाची होडी पुन्हा येताना दिसली. होडीत उभा मोहनराव, अंगावर कामाचाच निळा शर्ट. तांदळाचा डबा त्यानं कशाला हलवला कोण जाणे. तो कातळावर उतरला, वर आला, आणि चप्पलही न काढता म्हणाला,

"शेळ्या कधी घेतल्यास, आई?"

राजेश्वरीनं मान खाली घातली.

"टेंपो काठावर हुबा हाय," तो म्हणाला. "पंधरा दिस तुला कुणी बघितलं न्हाय आन मी तिकडं मेंढरं गोड म्हनून हसतोय!"

"चूक माझी आहे," राजेश्वरी म्हणाली. "पाण्यापासून मी मोजलं. त्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. शिक्षा त्यांना कशाला?"

"कुणाची बी असंल. आठवडा कोरडा गेला."

"अजून दोन दिस हायत," ठमाबाई म्हणाली. "रईवारी भरत्यात."

"मग? कार्ड कुठंय?"

तेवढ्यात खाली आज्यानं गुळणी केली. मोठी. झोताबरोबर काहीतरी पांढरं उडालं, वाऱ्यावर गिरकी घेऊन गवतात पडलं. प्रतिक्षा धावणार होती, पण पदर कमरेला. गेणबानं ते उचलून आणलं. पोस्टकार्ड. चिंब. एका बाजूला पत्ता विरघळत चाललेला: मोहनरावाच्या क्वार्टरचा.

मोहनरावानं उलटून पाहिलं. "कोरंच हाय."

"मग लिव की," ठमाबाई म्हणाली.

"काय?"

"बघितलंस न्हवं मला? डोळ्यानं? अट कुणी घातली हुती, मी का तू?"

गेणबा दुसरीकडं तोंड करून खोकला. मोहनराव आईकडं बघत राहिला. मग खाली दगडांच्या ओळीकडं. राजेश्वरीनं त्याला त्या एकोणतीस दगडांचं सांगितलं, चुन्याच्या दगडाचंही सांगितलं. तो खाली उतरला, ओळीच्या बाजूनं चालत पाण्यापर्यंत गेला, चालत परत आला. चुन्याचा दगड त्यानं उचलला आणि दोन हात खाली आणून ठेवला.

"हितं. त्येच्या वर एक बोट बी न्हाय."

"ठेव बाबा. तुज्या बापासारखाच आडमुठा."

चुलीजवळ कार्ड वाळायला तासभर लागला. मग त्यानं खिशातलं पेन काढलं आणि मांडीवर कार्ड ठेवून स्वतःलाच लिहिलं: "आज आईला बघितलं. बरी हाय. शेळ्या न्हाईत." खाली सही केली, कारखान्यात करतो तशी, पूर्ण नावानं. टेंपो रिकामा परत गेला.

नवा डबा ठमाबाईनं कुठंच लपवू दिला नाही. तो तिच्या उशाशी राहणार. ज्याला हवा त्यानं येऊन मागावा. खेळ थोडा बिघडला खरा, पण फट बुजली. दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं काठावरच्या बाभळीच्या बुंध्याला नवी चिठ्ठी लावली. ती चार वेळा लिहून फाडली होती, आणि शेवटची अशी होती:

"हे वाचणाऱ्यास नमस्कार. डबा ठमाबाईंच्या खोपटात आहे. त्या तो लगेच देणार नाहीत. आधी तुमचं गाव विचारतील, मग लग्नाचं. दोन्हींची उत्तरं द्यावीत, चहा मिळतो. त्यांचा डावा गुडघा दुखतो, पण विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारू नका, त्या उठताना नुसतं बघा. आणि घाई असेल, डबा नको असेल, तरी आज वारा पडला आहे आणि गेणबामामा इथंच बसले आहेत. पलीकडं जाऊन ठमाबाईंना एक हाक मारून याल का?"