काशप्पाच्या टाकीआड गेलेला उपग्रह

लेक विभा टीव्हीवर येणार हे नलिनीबाईंचं कर्नाटकातल्या आळंदच्या अख्ख्या गल्लीत सांगून झालं, आणि त्यांच्या टीव्हीवरच्या मराठी वाहिन्या गेल्या. कन्नड दिसत होत्या, हिंदी दिसत होत्या, मराठीच्या जागी निळा पडदा. विभा लातूरला कृषी महाविद्यालयात शिकवायची. तुरीच्या मर रोगावर ती आज चार वाजता बोलणार होती. मोबाइलवर बघावं, तर त्यांच्या नवऱ्याला, नरहररावांना, मोतीबिंदूमुळे एवढ्याशा पडद्यावर काही दिसायचं नाही.

नलिनीबाईंनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजल्यावर एक मुलगी हिंदीत म्हणाली, तुमच्या सोयीसाठी मराठी वाहिन्या दुसऱ्या उपग्रहावर नेल्यात, डिशची छत्री फिरवून घ्या.

"माझ्या सोयीसाठी? मला कुणी इचारलं?" नलिनीबाई म्हणाल्या. तिकडून पुन्हा गाणं सुरू झालं.

दुपारी संगमेश्वर मेकॅनिक आला. गच्चीवर चढला, छत्री इकडं फिरवली, तिकडं फिरवली, आणि घाम पुसत खाली आला.

"अक्का, नवा उपग्रह नेमका काशप्पांच्या टाकीआड यायलाय. इथं सिग्नल लागणार न्हाई."

"मग त्यो उपग्रह हलवायला सांग की."

संगमेश्वर हसला. नलिनीबाईंना मात्र रडू यायचंच बाकी होतं. त्याच टाकीच्या पाण्यानं त्यांची भिंत ओली होते म्हणून त्या शेजारच्या काशप्पाशी भांडल्या होत्या. दोन वर्षं त्या घराकडं त्यांनी मान वळवली नव्हती.

"तुम्ही जाता का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"भांडण तू केलंस, मी कामून जाऊ?" नरहरराव म्हणाले.

चडफडत त्या स्वतःच गेल्या. दार काशप्पाच्या बायकोनं, चंद्रम्मानं उघडलं. पोरीचं नाव निघताच तिनं पुढचं ऐकलंच नाही. "विभाक्का टीव्हीत? मग छत्री लावा की आमच्या माळवदावर. त्यात इचारायचं काय?" काशप्पा आतून बाहेर आला आणि त्यानं शिडी लावली.

संगमेश्वरनं छत्री तिकडं लावली, वायर नलिनीबाईंच्या घरात ओढली आणि पडद्यावर विभा दिसली. कार्यक्रम आधीच सुरू झाला होता. चंद्रम्माही बघायला आली आणि खाली बसली. काशप्पा दारातच उभा होता. नरहररावांनी खुर्ची सरकवली तेव्हा बसला.

विभा सांगत होती, मर लागलेल्या रानात सलग तूर घेऊ नका, मधे ज्वारी घ्या.

"ज्वारी घिऊन काय करू? भाव कुठाय?" काशप्पा टीव्हीला म्हणाला.

"ती रोगाचं बोलायलीय, भावाचं न्हाई," नरहरराव म्हणाले.

"रान तुमचं हाय का माझं?"

"पोरगी माझी हाय."

दोघांचे आवाज चढले. तुरीवरून गोष्ट बाजार समितीवर गेली, तिथून टाकीवर आली. काशप्पा म्हणाला, नळ गळतो ते खरं, उद्या बदलतो. पण ज्वारी घेणार नाही.

"जरा गप बसा की दोघं," नलिनीबाई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. विभाचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही कळत नव्हता. मग तिनं हात जोडले आणि साबणाची जाहिरात लागली.

संध्याकाळी विभाचा फोन आला. "आई, कशी बोलले गं मी?"

"साडी लई चांगली दिसायली होती," नलिनीबाई म्हणाल्या, आणि फोन नरहररावांच्या हातात देऊन चहा टाकायला उठल्या. काशप्पा अजून बसलेलाच होता.