भिंतीपलीकडची चिवचिव

मी एक म्हातारा कोंबडा आहे, मित्रांनो. आमची राखी जात आता संपत आली आहे. तिच्यातला नर म्हणाल तर मी एकटाच उरलो. म्हणून कोंबडीपालन केंद्रात सहा कोंबड्यांसोबत मला वेगळं खुराडं दिलं आहे.

तरुणपणी माझा काय तोरा होता! पाहुणे आले की आधी मला दाखवत. माझी पिल्लं अंगणभर बागडत. मग साथ आली आणि एका आठवड्यात सगळी गेली. त्यानंतर कोंबड्यांनी अंडी घातली, पण दिव्यासमोर धरली की आत नुसता बलक. जीव नाहीच.

मोठे साहेब म्हणाले, "म्हातारा निकामी झालाय. महिनाभर बघा, नाहीतर खुराडं रिकामं करा."

मला सांभाळणाऱ्या मामांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी माझं बीज सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं.

"मामा, पेशी चांगल्या पळतायत. पण त्यांचं बाहेरचं आवरण कमकुवत झालंय. त्या आवरणाच्या जोरावरच पेशी अंड्याला चिकटते, आत शिरते. या बिचाऱ्या दारातूनच परत फिरतायत."

"वयामुळं का हो?"

"वय आहेच. पण याला खायला काय घालता?"

मामांनी पोतं उघडलं. बाईंनी मूठभर खाद्य नाकाशी नेलं. "खवट झालंय की हे! अशा खाद्यानंच ते आवरण कमकुवत होतं."

मामांचा चेहरा उतरला. "वाया जाऊ नये म्हणून मीच घालत होतो, बाई. चुकलंच माझं."

त्या दिवसापासून ताजं खाद्य आलं, जवस आला, हिरवा पाला आला. मी दाणा न् दाणा टिपला. महिना भरत आला तेव्हा अकरा अंडी दिव्यासमोर धरली. दहा तशीच. अकराव्यात बारीक लाल शिरा दिसल्या.

"बाई, जीव धरलाय!" मामा ओरडलेच.

त्या अंड्यातून निघालेलं पिल्लू आता भिंतीपलीकडच्या उबदार खोलीत आहे. रोगाच्या भीतीनं मला तिकडे नेत नाहीत. मी त्याला अजून पाहिलेलं नाही.

मित्रांनो, एखाद्या मुक्या जीवाला निकामी म्हणण्याआधी त्याच्या पुढ्यात काय पडतं ते एकदा हुंगून बघा. त्याला सांगता येत नाही.

चांगला दाणा सापडला की मी तो चोचीत धरून हाक घालतो. शेवटी कुठलीतरी कोंबडीच तो खाते. पण माझी हाक गेली की पलीकडची चिवचिव क्षणभर थांबते. ऐकत असेल का ते?